गीत व गायन : नाथादादा

आमचे शेजारी नाथादादा गुणगुणण्याआधी मोबाईलवर टोप पालथा घालतात. साधासुधा नव्हे, भाताचा, जाड बुडाचा. मग दाराबाहेर डोकावतात, माझा मोबाईल दिसला तर तोही टोपाखाली सरकवतात आणि अगदी खालच्या पट्टीत एखादी ओळ म्हणतात. "कंपनी आयकते," हे त्यांचं पालुपद. ही कंपनी म्हणजे तारापूरला ते जिथे फिटर आहेत ती नव्हे. ती त्यांचं काहीच ऐकत नाही.

नाथादादा मूळचे समुद्रकाठच्या नवापूरचे, मच्छीमारांच्या घरातले. नोकरीसाठी सरावलीत आले आणि चाळीत माझ्या शेजारी राहू लागले. गावच्या हळदींना त्यांना खास बोलावणं असे. सिनेमातल्या जुन्या गाण्याची चाल घ्यायची आणि तिच्यात नवरीची मावशी, होडीचं बंद पडलेलं मशीन, पाहुण्यांनी फस्त केलेले बोंबील असं सगळं बसवायचं, ही तिथली रीत. चाल कोणाची हे कोणी विचारत नाही. मावशी कोणाची, हे मात्र सगळे विचारतात.

अशाच एका हळदीतलं तीन कडव्यांचं गाणं दादांनी इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं, 'गीत व गायन : नाथादादा'. गावाने कौतुकाने पाहिलं. मग मूळ चाल ज्या कंपनीच्या मालकीची होती तिने तक्रार केली आणि गाण्याच्या जागी 'व्हिडिओ उपलब्ध नाही' अशी करडी पाटी उरली. कारखान्यात रोज विचारणा सुरू झाली, "क्या चोर दादा, आज किसका गाना उठाया?" दादा हसत आणि डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. हळदींना जाणं त्यांनी बंद केलं. आता तर त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, वेणूबायच्या मुलीची हळद होती. मामा असूनही दादा जायला तयार नव्हते. "तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणत.

कोणाचंही दुःख एखादं पुस्तक उघडून दूर करता येतं असा माझा समज आहे. त्यात बोईसरच्या एका समारंभात प्रमुख पाहुण्यांना स्वतंत्र निर्मितीवर तासभर बोलताना नुकतंच ऐकलं होतं. भाषण दुसऱ्याने लिहून दिलेलं होतं, हे मधलं एक पान त्यांना सापडेना तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्यापेक्षा बरं बोलता येईल अशा खात्रीने मी कॉपीराईटचा कायदा वाचला आणि दादांकडे गेलो.

"दादा, लग्नात आणि लग्नाच्या समारंभांत दुसऱ्याचं गाणं म्हणणं हा गुन्हाच नाही. कायद्यानेच सूट दिली आहे. अभ्यासासाठी, टीकेसाठीही रास्त प्रमाणात घेता येतं. माणसं एकमेकांचं घेऊनच नवं काही करतात, एवढं कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं."

"आनि मोबाईलवर टाकलेलं?"

"त्यावर वाद घालता येईल," मी वकिलासारखं म्हणालो, म्हणजे उत्तर दिलं नाही.

दादांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "भाऊ, चाल कंपनीची. तिचं तुमी सोडवलंत. पन शब्द बी माजे नाय."

"मग कोणाचे?"

"वेणूबायचे. बोंबील वाळत घालताना ती जुळवते. मी नुसता म्हनतो. नाव टाकताना तिला इचारलं नाय. लोक चोर म्हनतात तवा मान खाली जाते, ती काय कंपनीमुळं नाय."

हातातलं कायद्याचं पुस्तक मी मिटलं. इतका वेळ ज्या ऐटीत बोललो होतो, तिची मला लाज वाटली. "बरं," म्हणून मी उठू लागलो, तर दादा म्हणाले, "हळदीला तुमी चला. माज्याच्यानं एकट्यानं होनार नाय."

नवापूरला मांडवात शिरल्यावर दादा कडेच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि तिथून हलेनात. वेणूबायच आमच्याकडे आली. दोन्ही हात हळदीने माखलेले.

"आला मामा. मला वाटलं, निरोप धाडतोस."

"बाय, त्या गान्याखाली नाव मी माजं टाकलं."

"बघितलं. पयल्याच दिवशी."

"मग बोलली का नाय?"

"तू कदी बोलतोस ते बघत होते." तिने दादांना आपादमस्तक न्याहाळलं. "इचारलं असतंस तर चौथं कडवं बी दिलं असतं."

"चौथं हाय?"

ती वळली. नवरीजवळ जाऊन बसली आणि त्याच चालीत सुरू झाली:

"मामा गेला कंपनीत, भरतीची येळ इसरला,
ताट त्याचं झाकून ठेवा, वाट नाय तो इसरला."

दादा खांब सोडून पुढे आले. "ह्ये कदी जुळवलंस?"

"तू सरावलीला बिऱ्हाड केलंस तवा."

बायकांनी ओळ उचलली. दादा मुलीच्या पाटापाशी खाली बसले. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. वेणूबाय मुलीच्या गालाला हळद लावत होती. वर न बघता ती म्हणाली, "म्हन."