रोडग्यांचा गुण

पांढुर्णा जिल्हा झाला त्या २०२३ सालची ही गोष्ट. पल्लवीला एम.ए.साठी मानसशास्त्राचा प्रकल्प करायचा होता. विषय निवडला सासू-सुनांची भांडणं. प्रकल्पाचे मार्गदर्शक शालिकराम सरांनी आधीच बजावलं, "प्रयोग नाही करायचा. कोणाच्या घरात भांडण लावून पाहता येत नाही. नुसतं पाहायचं आणि विचारायचं." पूर्वी हे काम विहिरीवरच्या बायका करीत, त्यांना कोणी पदवी देत नसे.

पल्लवी आधी आपल्या गल्लीतल्या देवकाबाईंच्या ओसरीवर निरीक्षणाला बसली. ती असेपर्यंत देवकाबाई सुनेला म्हणत, "अनुराधा, दमली असशीन माय, बस." ती फाटकाबाहेर पडली की भांडी आदळत. मग तिनं प्रश्न विचारायला घेतले.

"आमच्या घरी भांडण? नाही वो बाप्पा!" देवकाबाई म्हणाल्या. "थ्या लीलाबाईकडं जाय. तिथं रोजच चालू राह्यते."

लीलाबाईंनी देवकाबाईंचं नाव सांगितलं. पोरगी हुशार. तिनं प्रत्येकीला शेजारणीच्याच घरचं विचारलं. अख्खी गल्ली भडाभडा बोलली, आणि निष्कर्ष निघाला: जी घरं शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन तिथंच गोवऱ्यांवर कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, भाजून खातात, त्यांच्यात भांडणं कमी.

देवकाबाईंना हे देवानंच पाठवलं असं वाटलं. अनुराधाची नोकरी सौंसरच्या शाळेत, आणि ती तिथं खोली पाहत होती. पोरगा अमोल सुनेबरोबर जाईल, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

"रोडगे खाल्ले की सून घरात टिकते! शास्त्रात निघालं!"

"काकू, मी असं नाही म्हटलं," पल्लवी घाबरली. "दोन गोष्टी संग दिसल्या, एवढंच. ज्याईचं पटते, थेच संग जात असतीन."

"मंग आमी बी संग जाऊ. म्हणजे पटन!"

पल्लवीनं हेही वहीत लिहून घेतलं.

शनिवारी देवकाबाई, अमोल आणि अनुराधाला घेऊन टेम्पो निघाला. हाच उपाय करायला लीलाबाईही सुनेला घेऊन चढल्या. खिडकीच्या जागेवरून सुरुवात झाली, ती कणकेपर्यंत पोचली.

"एवढं पाणी काऊन टाकलं? रोडगे करून राहिली का खीर?" देवकाबाई अनुराधावर खेकसल्या.

"मंग तुमीच करा ना, आत्याबाई!"

गोवऱ्यांच्या धुरानं अनुराधाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लीलाबाई आनंदानं म्हणाल्या, "पाहा, देवाच्या दारी सुनेला रडवलं!"

अनुराधानं कणकेचे हात धुतले. "मी इथूनच सौंसरला चालली. आजच खोली पक्की करते."

"मी बी येतो," अमोल म्हणाला. लग्नानंतर आई-बायकोसमोर त्यानं पूर्ण बोललेलं हे पहिलंच वाक्य.

पुढं अमोल-अनुराधा सौंसरलाच राहिले. जामसांवली दोन्हीकडून वाटेवर. शनिवारी देवकाबाई इकडून जातात, सून तिकडून येते. दोघी पोटभर रोडगे खातात, एकमेकींना आग्रह करतात आणि अंधार पडायच्या आत आपापल्या गावी परततात. वर्षानं पल्लवीनं पुन्हा विचारलं, तेव्हा या घरात भांडण नाही, हे लीलाबाईंनाही नाइलाजानं मान्य करावं लागलं. निष्कर्ष आणखी पक्का झाला.

पल्लवी प्रथम श्रेणीत पास होऊन कॉलेजात शिकवते. शालिकराम सर निवृत्त झाले. आई आणि बायकोला घेऊन शनिवारी जामसांवलीला दिसतात, म्हणतात, नुसतं निरीक्षणाला आलो. देवकाबाई भेटेल त्याला रोडग्यांचा गुण सांगतात. लीलाबाईही सुनेला नेमानं नेतात, पण त्यांना अजून गुण आलेला नाही.

त्यांची सून मात्र सौंसरला खोली पाहून राहिली आहे.