करंदीकरांची रोमन बाटली

आमच्या घरी पाणी प्यायले की करंदीकर भाऊजी पेला लगेच खाली ठेवत नाहीत. ट्यूबलाइटखाली धरतात, फिरवून निरखतात आणि निकाल देतात, "मशीनचा. ह्यात माणूस नाही." अहो, पेल्यात पाणी हवं की माणूस, असं मी एकदा विचारलंसुद्धा.

शारजात अल मजाजला ते आमचे शेजारी. नोकरी एसी डक्टिंगच्या कंपनीत, एस्टिमेशनला. त्यांच्या बायको, सुनंदावहिनी, अचानक वारल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, भाऊजी आता पुण्याला परत जाणार. हे गेले म्युझियमला. तिथे इथल्याच वाळूत सापडलेली रोमन काचेची बाटली आहे, बोटभर, हिरवट, अत्तराची. तिनं त्यांना जे धरलं ते धरलंच. दर शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिला भेटायला जातात. मल्याळी गार्ड लांबूनच सांगतो, "आइए साब, आपका बॉटल सलामत है."

"वहिनी, नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा. दुसऱ्या टोकानं माणूस फुंकतो. जेवढी फुंकर तेवढी बाटली. माणूस खलास, रोम खलास, फुंकर तिथंच." हे मी इतक्यांदा ऐकलंय की मधे कुकरची शिट्टी झाली तरी माझं काही बुडत नाही.

एवढं काचेचं वेड, तर घरात काय काय जमवलं असेल, म्हणून गणपतीचा प्रसाद द्यायच्या निमित्तानं मी माझ्या सईला घेऊन मुद्दाम आत गेले. प्यायला सगळी स्टीलची भांडी. आणि शोकेसमध्ये एकच वस्तू, समुद्रावर खेळायचा निळा चेंडू, तोही सुरकुतलेला.

सईनं तो उचलला. "अंकल, इट्स गॉन सॉफ्ट. आय विल ब्लो इट अप." आणि बूच ओढायला लागली.

"नको!" कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. चेंडू काढून घेतला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खोरफक्कानच्या बीचवर तुझ्या काकूनं फुगवला होता, बाळा. माझा दम पुरेना. म्हणाली, द्या इकडे, तुमच्यानं नाही व्हायचं."

मला रडूच आलं.

"त्या रोमन माणसाचं बरं होतं, वहिनी. त्याची फुंकर काचेनं धरून ठेवली. हे रोज थोडं थोडं जातंय."

मी त्यांच्याच ओट्यावर चहा टाकला. घेऊन बाहेर आले तरी ते तसेच बसले होते, चेंडू मांडीवर, बूच अंगठ्यानं घट्ट दाबून.