परचुरे सर पर्स घेतात

परचुरे सर दुकानात शिरले की आधी पर्सचं वजन करतात.

वजन म्हणजे हातात धरून अंदाज घेणं नव्हे. विमानप्रवासाच्या आधी लोक बॅग तोलायला वापरतात तो हुकाचा काटा सरांच्या कोटाच्या खिशात कायम असतो. पर्सचा पट्टा हुकात अडकवायचा, काटा डोळ्यांसमोर धरायचा आणि पर्स हलायची थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग आकडा वहीत. मग दुसरी पर्स.

सगळ्या पर्स बायकांच्या. सर स्वतः, मी त्यांना ओळखते तेव्हापासून, एकच पाठपिशवी वापरतात आणि तिची चेन सेफ्टी पिन लावून बंद करतात.

सर जपानमध्ये, सेंदाईच्या विद्यापीठात प्राध्यापक आहेत. धातू कशाने थकतो आणि नेमका कधी तुटतो हा त्यांचा विषय. मी पीएचडी संपवून त्यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक. जपानी मुलं त्यांना ‘पारुचुरे-सेनसेई’ म्हणतात. सगळ्या लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे जे जपानीत किंवा इंग्रजीत सांगायला लाज वाटेल ते सगळं माझ्या वाट्याला येतं.

“अगं प्राची, शनिवारी मोकळी आहेस? जरा तुझा खांदा हवा होता.”

अशा किती शनिवारी मी माझा खांदा घेऊन गेले असेन! स्टेशनजवळच्या, वरून छत घातलेल्या बाजारातली पर्सची दुकानं आम्ही दीड वर्षात संपवली. तिथल्या विक्रेत्या मुलींची मात्र कमाल. एकीनं तर सरांचा काटा स्वतःच्या दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, आकडा मोठ्यांदा वाचून दाखवला. एवढं होऊन सर घ्यायचे काहीच नाहीत. वजन जमलं तर पट्टा निसरडा, पट्टा चांगला तर कडी एका हातानं उघडत नाही. मी वैतागले की त्यांचं ठरलेलं उत्तर, “नमुना संख्या कमी आहे.”

कुणासाठी, हे मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. “शैलाला,” एवढंच म्हणाले. शैलाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. पुण्यात कॉलेजात गणित शिकवतात. पूर्वी दर उन्हाळ्यात सेंदाईला यायच्या, येताना मला भाजणी आणायच्या. अलीकडे दोन वर्षं आल्या नव्हत्या. रजा मिळत नाही, असं सर सांगायचे.

मग मिलानची परिषद ठरली. मी पहिल्यांदाच युरोपात जाणार होते. तिथल्या प्रसिद्ध मोठ्या चर्चच्या गच्चीवर चढायचं, उभ्यानं कॉफी प्यायची आणि स्वतःला एक जोड लाल बूट घ्यायचे, असे माझे तीन बेत होते. सरांनी विमानातच वही उघडली. मिलानमध्ये अकरा दुकानं, परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये सात.

“सर, चर्च?”

“चर्चला काय झालंय? ते कुठे जातंय?”

मिलानच्या पहिल्याच दुकानात पायाखाली संगमरवर, छताला झुंबर, आणि भिंतीवर इतक्या लांब लांब ठेवलेल्या पर्स की प्रत्येकीला स्वतंत्र खोली दिल्यासारखं वाटावं. काळ्या पोशाखातली एक उंच बाई हसत पुढे आली. सरांनी खिशातून काटा काढला. बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं.

वजन झालं. सरांनी पर्समध्ये पाण्याची लिटरची बाटली, छत्री आणि परिषदेचं जाडजूड पुस्तक भरलं आणि ती माझ्या उजव्या खांद्याला लावली.

“वीस पावलं चाल. डावा हात खिशात.”

“सर, लोक बघतायत.”

“बघू देत. निसटली का?”

“नाही.”

“आता खांदा उडव. रागावल्यासारखा.”

“मी खरंच रागावलेय, सर.”

“उत्तम. म्हणजे खरी परिस्थिती मिळेल.”

बाईंनी अखेर नम्रपणे विचारलं, पर्स या मॅडमना हवी आहे का?

“नाही, नाही,” सर इंग्रजीत म्हणाले, “ही फक्त खांदा आहे.”

शेजारीच एक डाळिंबी रंगाची पर्स होती. इतकी देखणी की माझा हात आपोआप तिच्याकडे गेला. “सर, ही बघा ना, किती छान दिसते!”

“दिसायला काय, भोपळासुद्धा छान दिसतो,” असं म्हणून सर पुढच्या दुकानाकडे निघाले. मिलानमध्ये मी चर्च पाहिलं ते ट्राममधून. बूट पाहिले ते इतर बायकांच्या पायांत.

पॅरिसला पोचेपर्यंत माझ्या खांद्याला वळ उठला होता. चौथ्या दुकानात सर नेहमीसारखे वहीत डोकं घालून पुटपुटले, “गुळगुळीत फरशीवर काय कळणार? खऱ्या रस्त्यावर चालायला हवं.” आणि लिहीत लिहीत दाराबाहेर पडले. मी सवयीनं त्यांच्या मागे. खांद्याला दुकानाची पर्स, आत आमची बाटली, छत्री आणि पुस्तक.

दारावरच्या सहा फुटी रखवालदारानं माझा दंड धरला.

पुढची वीस मिनिटं मला आठवायची नाहीत. आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. पर्स उलटी करून टेबलावर सगळं मांडलं. सर तिथल्या मॅनेजर बाईला घर्षणाचं गणित समजावून सांगत होते. माझा पासपोर्ट तिच्या हातात होता आणि मी रडत होते. शेवटी बहुधा कंटाळूनच तिनं आम्हाला सोडलं. सर म्हणाले, “चल, अजून तीन राहिलीत.”

मी फुटपाथवरच थांबले. सरांशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“मी नाही येणार! काकूंना फोन करून विचारा ना, कुठली आवडते? जगातले सगळे नवरे विचारतात! तुम्हाला पर्स घ्यायचीच नाहीये, सर. तुम्हाला फक्त मोजायचंय!”

सरांनी वही मिटली, पुन्हा उघडली. मग बाजूच्या बाकावर बसून, लॅबमधला एखादा निष्कर्ष सांगावा तसं सांगितलं.

“शैलाचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. कॅन्सरचं. दोन वर्षं झाली. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे हात सुजतो. डाव्या हातानं जड उचलायचं नाही. छातीवरून तिरका पट्टा गेला की दुखतं. उजव्या खांद्यावर घेतली तर निसटते, आणि निसटली की ती सवयीनं डाव्या हातानं सावरायला जाते. पर्सची फार हौस तिला. साडीगणिक पर्स. आता घेतच नाही. पैसे आणि किल्ली रुमालात बांधते, रुमाल मुठीत धरून कॉलेजला जाते.”

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

“त्या रुमालाचं मला काहीतरी करता येईल, प्राची,” सर म्हणाले. “बाकीचं नाही करता येत.”

उरलेली तीन दुकानं मी न कुरकुरता चालले. तिन्हीकडे हवी तशी मिळाली नाही. हॉटेलकडे परतताना एका गल्लीत चामड्याच्या कामाचं लहानसं दुकान दिसलं. आत चष्मा नाकावर ओढून शिवत बसलेली म्हातारी. सर काटा काढायच्या आत मीच तिला, सोप्या इंग्रजीत आणि स्वतःच्या खांद्यावर हात फिरवून, सगळं सांगितलं. तिनं एक हलकी पर्स काढली, तिचा पट्टा उसवून रुंद केला आणि खाली मेंढीच्या मऊ कातड्याचं अस्तर शिवलं. तिचं शिवून होईपर्यंत सर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहावं तसे दारात उभे होते.

पर्सचा रंग शेणासारखा होता. ते मी सांगितलं नाही.

सरांनी पर्स पुण्याला पाठवून दिली. काकू फेब्रुवारीत सेंदाईला आल्या. त्यांना आणायला मीही स्टेशनवर गेले. खूप वाळल्या होत्या, केस बारीक कापलेले, पण चालणं तेच, तुरुतुरु. उजव्या खांद्याला ती पर्स. सर त्यांची सूटकेस घ्यायला डब्यात चढले तेवढ्यात काकूंनी मला जवळ ओढलं.

“काय भयाण रंग आहे गं! तू होतीस ना बरोबर?”

“काकू, माझं ऐकतंय कोण?”

“पण बसते मात्र. कुठे टोचत नाही, निसटत नाही. नावं ठेवायलासुद्धा जागा नाही ठेवली.” त्या हसल्या आणि मग हसू ओसरलं. “रोज फोनवर विचारतो, आज निसटली का? मी कशी आहे ते नाही विचारत.”

“त्यांना भीती वाटत असेल.”

“ते कळतं गं मला. ऑपरेशननंतर पुण्याला आला होता ना, तेव्हा महिनाभर माझ्या डाव्या बाजूनं चालायचा. कुणाचा धक्का लागू नये म्हणून. तोही हातभर अंतर ठेवून. डावा हात दुखतो म्हणून यानं उजवासुद्धा धरलेला नाही, प्राची. दोन वर्षं.”

सर सूटकेस घेऊन आले. बाहेर बर्फ पडून गेला होता आणि फुटपाथ निसरडा झाला होता. सर खरोखरच काकूंच्या डाव्या बाजूला गेले, अंतर ठेवून, सूटकेस ओढत. थंडीत चामडं कसं आखडतं, अस्तराला तेल कधी लावावं, हे त्यांचं सुरू झालं. पाच-पन्नास पावलं काकूंनी ऐकून घेतलं. मग त्या थांबल्या.

“प्राची, ही धर.” सरांच्या हातातली सूटकेस काढून त्यांनी माझ्याकडे दिली. मागून वळसा घालून सरांच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि त्यांच्या कोपरात आपला उजवा हात घट्ट अडकवला.

सरांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

“शैला, पर्स चेंगरतेय मध्ये.”

“चेंगरू दे,” काकू म्हणाल्या.