श्वानांचे स्वागत आहे, कुत्र्यांना मनाई आहे

हणमंतगव्हाणच्या गढीला बुरूज चार. त्यातला एक गावातल्या घरांच्या पायांत गेलेला असल्यामुळं तो बघायचा तर गावभर हिंडावं लागतं. उरलेल्या तिघांची राखण रेवणप्पा करीत असे. एकतीस वर्षं. त्याच्या आधी त्याचा बाप, बापाच्या आधी आजा. कुणी नेमलं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळं नोकरी अत्यंत सुरक्षित होती. राहायला गढीच्या देवडीतली एक खोली होती.

रेवणप्पाबरोबर बाज्या असे. बाज्या म्हणजे चार काटक्यांवर ठेवलेलं लांबुडकं पोट, एका टोकाला निमुळतं तोंड, दुसऱ्या टोकाला प्रश्नचिन्हासारखी शेपटी. दिवसभर तो दरवाज्यात पडून राही आणि अनोळखी माणूस दिसला की एकदाच भुंके. दुसऱ्यांदा भुंकायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. दोघांची भाकरी एकाच फडक्यात येई. रेवणप्पाची बायको शांतम्मा दिवसा गावातल्या लेकीकडं असे, दुपारी तिथून भाकरी घेऊन येई आणि रोज एकच वाक्य बोले, "दोघं बी बराबर खावा. ह्यो लई लबाड हाय, दुसऱ्याच्या वाटची खातोय." 'ह्यो' म्हणजे दोघांतला कोण, ते तिनं कधी फोड करून सांगितलं नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना गढी प्रगतीच्या तडाख्यात सापडली. शहरातल्या कुत्र्यांवर फार ताण असतो, असं एका पाहणीत आढळून आलं. पाहणी कुत्र्यांच्या मालकांनी केली होती. या ताणावर दोन दिवसांची खेड्यातली विश्रांती हा एकच उपाय असल्याचं ठरलं आणि एका कंपनीनं गढी घेऊन तिचं हॉटेल केलं. बुरुजांना चुना फासला, तोफेच्या जागेवर कारंजं बसवलं आणि दरवाज्यावर पाटी लावली:

'श्वानस्नेही गढीनिवास. नियम एक : श्वानांचे हार्दिक स्वागत आहे. नियम दोन : आवारात कुत्री आढळल्यास कारवाई करण्यात येईल.'

रेवणप्पानं पाटी बोट लावून लावून वाचली. त्याला बरं वाटलं. तेवढ्यात मॅनेजर आला. रुद्रेश त्याचं नाव, लातूरचाच पोरगा, पण मे महिन्यात टाय बांधून फिरत असल्यामुळं गाव त्याला वचकून होतं.

"मामा, शनिवारी उद्घाटन आहे. त्याच्या आत हे कुत्रं इथून हलवा."

"सायेब, पाटीवर तर स्वागत लिवलंय."

"ते श्वानांचं."

"मंग बाज्या कोन हाय?"

"बाज्या कुत्रं आहे."

"श्वानाला काय शिंगं असत्यात का?"

"श्वानाला कागद असतो, मामा," रुद्रेश शांतपणे म्हणाला. "कागद असला की श्वान. नसला की कुत्रं. आणि शनिवारपासून राखणीला एजन्सीची माणसं येतायत. तेव्हा तुमचंही..."

वाक्य अर्धं सोडण्याचं प्रशिक्षण त्याला कंपनीनं दिलं होतं.

रेवणप्पानं बाज्याकडं पाहिलं. बाज्या मागच्या पायानं कान खाजवीत होता. बापाच्या वेळेपासून गढीवर चार कुत्री झाली, चौघांचं नाव बाज्या, आणि चौघंही याच उंबऱ्यावर म्हातारी होऊन मेली. हा पाचवा. याला गावात नेऊन बांधला तर दोराही कुरतडील आणि अन्नही सोडील. शिवाय नेऊन बांधायचा तर कुठं, हाही सवाल होताच. देवडीच्या खोलीत आता कंपनी टॉवेल ठेवणार होती.

"कागद आनला तर ऱ्हाऊ द्याल?" त्यानं विचारलं.

"कागद आणला तर मी राहू न देणारा कोण?" रुद्रेश म्हणाला आणि त्यानं एक फॉर्म दिला. फॉर्मवर पहिलाच रकाना होता: 'जात'.

जनावरांच्या डॉक्टरनं बाज्याला वरून पाहिलं, खालून पाहिलं आणि लिहिलं: गावठी. तो कागद रुद्रेशनं दोन बोटांत धरून परत केला.

"गावठी चालत नाही."

"सायेब, आत भिंतीवर तर लिवलंय. गावठी कोंबडी, गावठी तूप, गावठी ठेचा."

"ते खायला, मामा. राहायला नाही."

आता रेवणप्पाच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. फॉर्मवर 'जात' लिहिलंय आणि आपल्याकडं जातीचा कागद एकाच ठिकाणी मिळतो. सोमवारी सकाळी रेवणप्पा बाज्याला दोरी लावून कचेरीत हजर झाला.

खिडकीमागं आनंदराज नावाचे कारकून होते. एकवीस वर्षांत त्यांनी एकाही अर्जदाराकडं मान वर करून बघितलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्याकडून कधी कुणावर पक्षपात झाला नव्हता.

"अर्जदार?"

"ह्यो बाज्या."

"सही करतो?"

"न्हाई."

"मग अर्जदार तुम्ही. जो सही करतो तो अर्जदार. फोटो दोघांचे, कान दिसले पाहिजेत. पुरावा?"

"काय पुरावा, सायेब? तुमीच बगा की, समोर उभा हाय."

"समोर उभं राहणं हा पुरावा नसतो. निजामकालीन नोंद आहे?"

"कुत्र्याची?"

"सगळ्यांना तीच लागते. आम्ही भेदभाव करत नाही."

बाहेर पिंपळाखाली सरदारचाचा बसत. निवृत्त उर्दू मास्तर. चाळीस वर्षं शिकवलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. आता निजामाच्या वेळचे कागद वाचून घ्यायला त्यांच्यापुढं रांग लागे. रेवणप्पाला आठवलं, देवडीच्या कोनाड्यात वाळवीनं अर्धं खाल्लेलं एक दप्तर आहे. पावसाळ्यात तो त्यातलीच पानं चूल पेटवायला घेई. सुदैवानं गेली दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. मंगळवारी तो दप्तर घेऊन आला. सरदारचाचांनी चष्मा पुसला, पानं उलटली आणि एकाएकी मांडीवर थाप मारली.

"मिल गया, रेवणप्पा! ऐक. 'सग-ए-कारवान, नाव बाज. गढीच्या दरवाज्यावर. रोज दोन भाकरी.'"

"म्हंजे?"

"सग म्हणजे कुत्ता, फारसीत. आणि कारवान ही आपल्याच मुलखातली शिकारी जात. बघ ना, तेच पाय, तेच तोंड. अरे, तुझा बाज्या खानदानी निघाला!"

रेवणप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "चाचा, आमच्या आज्याचं नाव हाय का बगा बरं. त्यो बी तितंच होता."

सरदारचाचांनी खालची ओळ वाचली, चष्मा काढला आणि परत घातला.

"नाव नाही बाबा. एवढंच आहे: 'चौकीदार एक. बाज जेवल्यावर उरेल ते.'"

रेवणप्पानं दप्तर उचललं. बाज्यानं उगीचच त्याचा हात चाटला.

आनंदरावांनी, चुकलो, आनंदराजांनी (कचेरीत नाव एकदा चुकलं की दुरुस्तीला सहा महिने लागतात, म्हणून लगेच सांगितलं) नोंद पाहिली आणि समोरच्या यंत्रात बडवली: 'सगे कारवान'.

"सगे म्हणजे नातेवाईक. म्हणजे हे तुमचे सगे."

"अहो भाई," सरदारचाचा खिडकीतून ओरडले, "सगे नाही, सग! सग म्हणजे कुत्ता!"

"चाचा, कचेरीची भाषा मराठी आहे. मराठीत सगे म्हणजे सगे." आनंदराजांनी ठप्पा उचलला. "अर्जदार रेवणप्पा. सगे बाज्या. सग्यांची जात एकच असते. दोघांचीही जात कारवान."

"सायेब," रेवणप्पा घाबरून म्हणाला, "मी मानूस हाय."

"तसा अर्ज केलाय तुम्ही?"

रेवणप्पानं तसा अर्ज केलेला नव्हता. ठप्पा बसला.

हरकतीला तीस दिवसांची मुदत होती, पण शनिवार चार दिवसांवर आला होता. रेवणप्पानं तो कागद रुद्रेशच्या टेबलावर ठेवला. रुद्रेशनं तो संगणकात घातला. संगणकानं क्षणभर विचार केला, हिरवा रंग दाखवला आणि लिहिलं: 'श्वान : दोन. निजामकालीन. अत्युच्च श्रेणी. खोली क्रमांक एक.'

रुद्रेशनं टाय सैल केला. त्यानं मुख्यालयाला फोन लावला. मुख्यालय म्हणालं, निजामकालीन वंशावळीचे श्वान देशात कुठल्याच हॉटेलात नाहीत, सोडू नका, जाहिरातीत टाका.

"मामा," रुद्रेश खालच्या आवाजात म्हणाला, "चौकीदार म्हणून तुम्हाला ठेवता येत नाही, ती जागा एजन्सीची. माणूस म्हणून राहायचं तर खोलीचं भाडं तुम्हाला झेपणार नाही. पण श्वान म्हणून... श्वान म्हणून तुम्हाला बाहेर काढायचा मला अधिकारच नाही."

"आन् बाज्या?"

"बाज्या तुमचा सगा. त्याला सग्यांपासून तोडलं तर गुन्हा होतो."

रेवणप्पानं एकदा देवडीकडं बघितलं, एकदा बाज्याकडं. मग मान पुढं केली. रुद्रेशनं गळ्यात पट्टा घातला. पट्ट्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, रेवणप्पाचं बारीक. लसही टोचली. बाज्यानं टोचून घेताना हूं केलं नाही, रेवणप्पा केकाटला.

उद्घाटन दणक्यात झालं. नांदेडहून गाड्या आल्या. अर्धापूरच्या केळीच्या बागांची मालकीण, तनुजाताई, आपलं लॅब्राडोर घेऊन आली होती. खोली क्रमांक एकच्या गादीवर बाज्या आणि रेवणप्पा शेजारी शेजारी बसलेले पाहून तिनं विचारलं, "हे मोठं कोणत्या जातीचं?"

"कारवान, मॅडम," रुद्रेश म्हणाला.

"वाटलंच. डोळ्यांत बघा किती समज आहे! आमच्या घरी जो गडी आहे ना, त्याला याच्या निम्मी नाही." असं म्हणून तिनं रेवणप्पाच्या डोक्यावरून हात फिरवला. एकतीस वर्षांत गढीवर आलेल्या कुणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. रेवणप्पाला रडू आलं आणि लाज वाटली. दोन्हींपैकी आधी काय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारी शांतम्मा नेहमीप्रमाणं भाकरी घेऊन फाटकात आली. एजन्सीच्या पहारेकऱ्यानं दांडा आडवा धरला.

"कुठं बाई?"

"आत. मालकाला भाकरी द्यायची हाय."

"नुसत्या माणसांना आत सोडत नाहीत. सोबत श्वान पाहिजे."

शांतम्मानं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. गादीवर दोघं एका ताटात जेवत होते.

"हाय की. दोन हायेत आत."

पहारेकऱ्यानं यादी बघितली. नोंद बरोबर होती. तो थोडा नरमला.

"बरं. मग तुम्ही त्यांचा माणूस. तसा रकाना आहे इथं, 'सोबतचा माणूस'. कागद दाखवा."

"कसला कागद?"

"माणूस असल्याचा."

शांतम्मानं कनवटीची पिशवी सोडली. आधार काढलं, रेशन कार्ड काढलं, मतदानाचं काढलं. पहारेकऱ्यानं एकेक उलटून पाहिलं आणि परत दिलं. राहणारी असल्याचं होतं, खाणारी असल्याचं होतं, मत देणारी असल्याचं होतं. माणूस असल्याचं एकातही नव्हतं.

"आनते," शांतम्मा म्हणाली. "मागून आनते कुनाचा तरी."

तेव्हा, हसून झालं असेल तर उठा आणि तुमचं कपाट उघडा. जन्मल्याचा दाखला सापडेल. रहिवासाचा सापडेल. जातीचा तर प्लास्टिकमध्ये घालून सगळ्यांच्या वर ठेवलेला असेल. त्याच्या खाली, अगदी तळाशी हात घालून बघा. सापडलाच तर हणमंतगव्हाणला घेऊन या. शांतम्मा अजून फाटकातच उभी आहे, आणि भाकरी गार होऊन राहिली आहे.