सात घरांचं झबलं

१९८४ साल, पौषातला एक रविवार, सकाळी नऊ. ठिकाण पांढुर्णा, आमची ओसरी. हजर तिघे: मी, माझी पत्नी कुसुम आणि समोर राहणारे नथ्थूजी. त्या दिवशी माझ्या अंगातल्या शर्टाचा मागचा शेपटा कापला गेला. कापडाच्या भावाने नुकसान तीन रुपये. शर्टाला वर्षही झालं नव्हतं.

"तुमचं काय गेलं जी, बाबूजी?" कात्री कमरेला खोचत नथ्थूजी म्हणाले. "शेपटा तं पँटीतच राह्यते. पाह्यते कोन?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांच्या शर्टांना शेपटा नव्हता. उन्हाळ्यात कोणी शर्ट बाहेर काढून हिंडू लागला की मागून पाहताच कळे, याच्याकडे नथ्थूजी येऊन गेले.

तिगावला रेल्वेत गँगमनची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. बायको आधीच गेलेली. एकुलती मुलगी सुमन, ती लोधीखेड्याला दिलेली. उंच, हाडापेराने मजबूत माणूस. तळहात रूळ आणि पहार धरून घट्ट झालेले. त्या हातांनी ते दिवसभर तान्ह्या पोरांची झबली शिवत.

आमच्याकडे एखाद्या घरात मूल दगावलं तर पुढच्या मुलाला पहिलं झबलं मागून आणलेल्या कापडाचं घालतात. सात घरांतून तुकडे मागायचे, जोडायचे आणि हाताने शिवायचे. पूर्वी हे काम आजी किंवा आत्या उरकून टाकत. नथ्थूजींच्या हाती ते आलं आणि त्याला नियम लागले. कापड अंगावरचंच हवं. घडी करून ठेवलेलं चालायचं नाही. "पेटीतल्या कापडाले मानूस लागला नसते," असं ते म्हणत. शिंप्याकडची कातरण फक्त काठाला. मशीन बंद. गळ्याशी धोतराचा तुकडा, कारण तो मऊ. बाकी टेरिकॉटशेजारी खाकी, खाकीशेजारी कोणाच्या लुगड्याचा काठ. एकासारखं दुसरं झबलं त्यांच्या हातून कधी झालं नाही.

कोणता तुकडा कोणाचा, हे ते सांगत नसत. एका पाटलीणबाईंनी नातवाचं झबलं उलटंपालटं करून विचारलं, "कोनाकोनाच्या घरचं हाय हे, नथ्थूजी?"

"पोरगं बोलायले लागलं का त्यालेच इचारा जी. घालून तं तेच राहिलं."

माझा शर्ट गेला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, संत्र्याच्या गाड्या भरू लागल्या होत्या तेव्हा नथ्थूजी संध्याकाळी आमच्याकडे आले. कमरेला कात्री नव्हती. मी नवा शर्ट घातला होता, तरी त्यांनी त्याकडे पाहिलं नाही.

"बाबूजी, सात घरी मांगा लागते. तुमीच मांगाचं. सुमनसाठी."

सुमनची दोन मुलं गेली होती, हे मला माहीत होतं. ती पुन्हा गरोदर आहे, हे त्या दिवशी कळलं.

"तुम्ही असताना मी कशाला?" मी म्हणालो.

"आपल्या रक्तासाठी आपनच मांगलं, तं ते मांगनं होत नाही जी." ते आपल्या नखांकडे पाहत म्हणाले, "तिच्या दुसऱ्या पोराच्या वक्ताले मीच मांगलं, मीच शिवलं. तसा बारीक टाका आजवर दुसऱ्या कोनासाठी घातला नाही मी. तिथंच चुकलं."

माझा या गोष्टीवर विश्वास नव्हता, आजही नाही. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"विश्वास कोन मांगून राहिलं तुमाले? शेपटे मांगा."

आतून कुसुम म्हणाली, "जा ना जी. शेजारून साखर मांगाची असली तं मलेच पाठवता. एकदा सोता मांगून पाहा."

मी कापसाच्या जिनात हिशेब लिहीत असे. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात केली. तोलाऱ्याने वजनकाट्यापाशी उभं राहून शेपटा कापू दिला आणि विचारलं, "मुनीमजी, हे कोन्त्या खात्यात टाकसाल?" मालक इटारसीकडचे. ते म्हणाले, "मुनीमजी, तबीयत तो ठीक है?" पण त्यांनीही पाठ फिरवली आणि शेपटा दिला. उरलेली पाच घरं मी मान खाली घालून उरकली.

मागणाऱ्यानेच शिवायचं, हा पुढचा नियम मला तुकडे जमल्यावर सांगण्यात आला. बटण लावण्यापलीकडे मी सुई धरली नव्हती. नथ्थूजी समोर बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"टाका लंबा होऊन राहिला."

"मग तुम्ही घाला."

थोड्या वेळाने पुन्हा, "धागा खिचू नका. कापड रडते." एकदा सुई माझ्या बोटात गेली तेव्हा कापड घ्यायला त्यांचा हात निघाला, अर्ध्यावर थांबला आणि परत मांडीखाली गेला.

शेवटी एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली. मी उसवायला निघालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "लय चांगलं नोको."

त्यांनी झबल्याला हात लावला नाही. सौंसरला बस बदलून कुसुमच ते लोधीखेड्याला देऊन आली. मुलगी झाली. त्यानंतर नथ्थूजी रोज बस स्टँडवर चहा प्यायला जाऊ लागले. त्याआधी ते चहा पीत नसत. लोधीखेड्याची माणसं उतरताना दिसली की ते कप घेऊन उभे राहत. विचारत मात्र काही नसत.

मुलीला दात आले तेव्हा सुमन तिला घेऊन माहेरी आली. अंगात तेच झबलं. आता आखूड झालेलं, एक हात मनगटापर्यंत झाकलेला, दुसरा उघडा. कुसुम आणि मी तिथेच होतो. सुमन मुलीला बापाच्या मांडीवर ठेवायला वाकली, तर ते मागे सरकले.

"थांब माय. पोरगी बाबूजीची हाय अजून."

कुसुमने मला समजावलं. कापड मागून शिवलेलं झबलं घालणारं मूल, दात येईपर्यंत, मागणाऱ्याचं धरतात. मग घरच्यांनी सव्वा रुपया देऊन ते सोडवून घ्यायचं. तोवर सुमनच्या बापाने नातीला हातही लावायचा नाही, असा नियम कोणाचा, ते तिलाही माहीत नव्हतं.

नथ्थूजींनी बंडीच्या खिशातून पैसे काढले. ते घामाने ओले होते. मी एक रुपया आणि चार आणे मोजून घेतले, सुमनकडून मुलगी घेतली आणि त्यांच्या हाती दिली.