सीट निघाली तर

माझ्या मुलीच्या लग्नात वानखेडे उपाशी राहिले. गैरसमज नको, लग्न नारायण पेठेतल्या माणसाकडचं असलं तरी जेवण भरपूर होतं. वानखेडे वेळेवर आले, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि भोजनगृहाच्या दाराशी खांबाला टेकून उभे राहिले. एक पंगत उठली, दुसरी बसली. माझा मेहुणा त्यांना दंडाला धरून न्यायला गेला, तर म्हणाले, "आधी सारे बसू द्या जी. सीट निघतेच." शेवटच्या पंगतीत एक पाट खरंच रिकामा राहिला होता, पण तेवढ्यात सनईवाला आला आणि वानखेड्यांनी त्याला तिथे बसवलं. मग वाढपी जेवले, आचाऱ्याने पातेली घासायला काढली. वानखेड्यांनी घड्याळ पाहिलं, "आज लोड फुल होता," म्हणाले आणि शांतपणे विश्रांतवाडीला घरी गेले.

हा माणूस वेडा नव्हता. तो विमान कंपनीत होता. मीही होतो. पुण्याच्या विमानतळावर आम्ही दोघे शेजारशेजारच्या काउंटरवर बसायचो. कंपनीचं नाव सांगत नाही. आता ते घेणेकरी सोडून कोणी घेत नाही.

आमच्या धंद्यात एक सवलत असते. कर्मचाऱ्याला तिकीट जवळजवळ फुकट मिळतं, पण सीट मिळेलच असं नाही. पैसे देणारे सगळे प्रवासी बसले, काउंटर बंद झाला आणि तरीही एखादी जागा उरली, तर तुम्ही आत. नाहीतर पिशवी उचलून घरी. याला स्टँडबाय म्हणतात. आम्ही सगळे वर्षातून एकदा-दोनदा असे जायचो. वानखेडे दर साप्ताहिक सुटीला जायचे, कारण त्यांची बायको नागपूरला होती.

शालिनीवहिनी तिकडे एका शाळेत शिक्षिका. कायमची नोकरी, बदली नाही. यांची नोकरी इकडे. वानखेड्यांना बढती मिळाली की वहिनींनी नोकरी सोडून पुण्याला यायचं, असं लग्नातच ठरलं होतं. बढती पुढच्या वर्षी होणार होती. आमच्या कंपनीत सगळंच पुढच्या वर्षी व्हायचं. तोवर हा संसार रिकाम्या सीटवर चालला होता.

त्यामुळे वानखेड्यांना रिकामी सीट लांबून दिसायची. सकाळी विमानतळावर आले की आभाळ बघायचे, लग्नतिथी बघायचे, शाळांच्या परीक्षा कधी आहेत ते बघायचे आणि म्हणायचे, "आज तीन गळतील." बहुतेक वेळा तीनच गळायचे. विमाननगरच्या चौकात वाहतूक तुंबली की सगळं पुणं शिव्या द्यायचं आणि यांचा चेहरा उजळायचा. एखादा प्रवासी धापा टाकत शेवटच्या क्षणी पोचला की वानखेडे स्वतः त्याची बॅग ओढत नेऊन त्याला आत सोडायचे. स्वतःची बायको त्या माणसामुळे दुरावली, हे त्यांच्या तोंडावर कधी दिसलं नाही.

जाताना ते वहिनींसाठी मोसमात अंजीर न्यायचे. सीट निघाली नाही की तोच पुडा काउंटरवर उघडायचा. आम्ही हात पुसत म्हणायचो, "वा वानखेडे, अंजीर झकास." आता वाटतं, आम्ही फार अंजिरं खाल्ली.

मग एके दिवशी कंपनी बसली. आधी पगार लांबले, मग विमानं थांबली, मग साहेब लोकांचे फोन. विमानं भाड्याची होती. ज्यांची होती ते आले, शेपटीवरचा आमचा रंग खरवडून त्यांनी ती पांढरी केली आणि उडवत घेऊन गेले. कंपनी नादारीत गेली. कोर्टाने एक गृहस्थ नेमले. ते अधूनमधून कळवायचे की परिस्थितीवर लक्ष आहे आणि आपल्या सहकार्याबद्दल आभार. विमानाला उशीर झाला की हीच वाक्यं आम्ही प्रवाशांना सांगायचो, त्यामुळे त्यांचा अर्थ आम्हाला नीट ठाऊक होता.

फक्त वानखेड्यांना तो लागला नाही. "तुम्ही काहून घाबरून राहिले, कुलकर्णी साहेब?" ते मला म्हणायचे. "कोणी ना कोणी कंपनी विकत घेते. पुन्हा उडते."

"आणि आपलं?" मी विचारलं. "रांगेत पुढे बँका आहेत, सरकार आहे. आपण कुठे?"

"मागंच तर असतो आपण. पुढच्यातले गळतात ना काही."

"अहो, ती नागपूरची फ्लाइट नव्हे. बँका विमान चुकवत नाहीत."

त्यावर ते हसले आणि त्यांनी मला लिंबू सरबत दिलं. या माणसाचं काय करावं हे मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या एका विमान कंपनीने त्यांना बोलावलंही होतं. पुण्यातच, तेच काम. गेले नाहीत. का, तर रांग सोडली की नंबर जातो. जुनी कंपनी सुरू झाली तर सर्वांत जुना म्हणून बढती पहिली त्यांची. नव्या ठिकाणी पुन्हा तळापासून सुरुवात, म्हणजे शालिनीला आणणं आणखी लांबलं. मी मात्र मिळेल ते धरलं. एका इस्पितळाच्या स्वागतकक्षात बसतो. काम तेच आहे, चिडलेल्या माणसांना थोडा वेळ लागेल म्हणून सांगायचं.

कसबा पेठेतले दाभाडे आमच्या विमानांना उपमा आणि सँडविच पुरवायचे. त्यांचे पैसे बुडाल्यातच जमा होते. कंपनीत पत्ता माहीत असलेला एकच माणूस, म्हणून ते भांडायला थेट विश्रांतवाडीला वानखेड्यांच्या घरी गेले. वानखेड्यांनी त्यांना चिडलेल्या प्रवाशासारखं हाताळलं. आधी खुर्ची, मग पाणी, मग पंखा, मग "आपली अडचण मी समजू शकतो." दाभाडे म्हणाले, "समजू नका, पैसे द्या." वानखेड्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत आणि शेवटी कंपनीच्या वतीने माफी मागितली. असली माफी दाभाड्यांकडे कोणी मागितली नव्हती. ते पुन्हा आले, पुन्हा भांडले. हळूहळू येताना उपमा आणायला लागले. "या येड्याला एकट्याला शिजवून खायचा कंटाळा येतो," असं मला म्हणाले. भांडण मात्र त्यांनी सोडलं नाही, उपमा वाढताना ते चालूच असायचं.

या सगळ्या काळात वानखेडे नागपूरला गेले नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "सुरू होऊ द्या जी, जातो." रेल्वे आहे, बस आहे, पुणं-नागपूर रोज शेकडो माणसं जातात. मला वाटलं, पैशाची ओढाताण असेल. मी तिकीट काढून देतो म्हणालो, तर विषय बदलला.

शेवटच्या सुनावणीला, शुक्रवारी, आम्ही त्यांच्याच घरी जमलो. सुनावणी मोबाइलवर दिसणार होती. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दाभाडे होते, मी होतो, जुन्या काउंटरवरची चारदोन माणसं होती. वानखेडे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. आत बसायला जागा होती, पण सगळे बसल्याशिवाय बसायचं नाही ना. आमचा नंबर यायला दुपार झाली. मध्येच कोणाच्या तरी घरचा कुकर कोर्टात शिट्ट्या द्यायला लागला आणि न्यायमूर्तींनी माइक बंद करायला सांगितलं. मग ते काहीतरी भराभर बोलले. कंपनी घ्यायला कोणी पुढे आलं नव्हतं. मोडीत काढायची. जे असेल ते विकून रांगेने वाटायचं. एवढं बोलून त्यांनी पुढचं प्रकरण पुकारलं.

"पुढची तारीख काय दिली?" वानखेड्यांनी विचारलं.

"नाही दिली," मी म्हणालो.

"आवाज तुटला असंल."

"तुटला नाही हो. संपलं आता."

दाभाड्यांच्या तोंडावर राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांनी नुसता आपला उपम्याचा डबा उचलला, वानखेड्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले. मग बाकीचेही एकेक करून उठले. सगळे गेल्यावर वानखेडे येऊन खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या खोलीत बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता तरी नागपूरला जा," मी म्हणालो. "इथे कशासाठी थांबायचं?"

"तेच तर भेव आहे, साहेब."

"कसलं?"

त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "मी तिच्या घरी एका रातीच्या वर कधी राहिलोच नाही. संध्याकाळी उतरायचं, सकाळचं विमान धरायचं. तिचं सारं तिच्या तिच्या वेळेनं चालते. चहा किती वाजता, दिवा किती वाजता घालवते, मले काही माहीत नाही. पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो मी. ती बी मले चांगल्या कपात चहा देते." मग म्हणाले, "विमान उडत होतं तोवर बरं होतं. नाही गेलो तर सीट निघाली नाही म्हणता येत होतं. रेल्वेनं ट्रंक घेऊन गेलो, तर ती विचारल ना, किती दिवस?"

मी म्हणालो, "अहो, बायको आहे तुमची. फोन लावा. कायमचा येतो म्हणा. लावा आत्ता."

त्यांनी लावला. फोन अजून साखरेच्या डब्यालाच टेकलेला होता, आवाज बाहेरच येत होता. पलीकडे शाळा सुटल्याचा गलका होता.

"जेवले का?" वहिनींनी विचारलं.

"जेवलो," वानखेडे म्हणाले. जेवले नव्हते. "कंपनीचा निकाल लागला."

"लागला का? काय म्हणते?"

"मोडीत काढली."

पलीकडे पोरांचा आवाज लांब गेला. बहुधा त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या असाव्यात. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"मी तिकडं येऊन राहिलो. उद्याच्या गाडीनं."

"या ना," वहिनी लगेच म्हणाल्या, आणि त्या आवाजातला आनंद मला चांगला ऐकू आला. मग त्यांनी, दर वेळी विचारत असतील तसंच, सहज विचारलं, "परतीचं कधीचं आहे?"

वानखेड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, सांगा, सांगून टाका. विमान रद्द झालं हे शंभर माणसांना तोंडावर सांगताना या माणसाचा आवाज कधी कापला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सोमवारचं," ते म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "मग भाजी बेतानंच आणते."