वाचनसवय समिती आणि राहेलमावशीचा अध्याय

मुलांनो, तुमच्यातल्या एकाने आज सकाळी बायबलवरची धूळ झटकली, फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. उघडलं मात्र नाही. मी नाव घेत नाही. ज्याने केलं त्याने मान खाली घालू नये, म्हणजे कुणाला कळणार नाही.

एका जंगलात ख्रिस्ती प्राण्यांची मंडळी होती. तिथं राहेल नावाची म्हातारी हरिणी राहायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिचा नवरा रोज सकाळी तिला बायबलचा एक अध्याय वाचून दाखवायचा. एका विधवा सुनेची गोष्ट चालली होती. सून परक्याच्या शेतात कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचून सासूला पोसू लागली, तिथं अध्याय संपला. दुसऱ्या दिवशी नवरा वारला.

राहेल पुस्तक घेऊन मंडळीच्या अध्यक्षाकडे, शलमोन अस्वलाकडे गेली.

"शलमोना, रोज एक अध्याय वाचून दाखवशील का रे? त्या पोरीचं पुढं काय झालं, तेवढं कळू दे. मी काय आता पिकलं पान."

शलमोन गहिवरला. "मावशी, एकट्याने वाचून काय होणार? सवय लागली पाहिजे. सगळ्या जंगलाला लावू."

आणि समिती बसली.

पहाटे वाचावं की रात्री, यावरून हत्ती आणि घुबड भांडले. फिलिप कोल्हा चिटणीस झाला. त्याने सवयीवर शिबिर घेतलं. शिबिरात ज्याच्या-त्याच्या बायबलसाठी चेनवाली कव्हरं, रेशमी फिती आणि रंगीत पेन्सिली वाटल्या. मोबाइलवर गट निघाला. सकाळ झाली की सगळे त्यात लिहायचे, "वाचलं. आमेन." माकड तर आदल्या संध्याकाळीच लिहून मोकळं व्हायचं.

पहिलं जाहीर वाचन मावशींच्याच पुस्तकातून करायचं ठरलं. म्हणून ते मानाने वडाच्या ढोलीत ठेवलं. तोवर कुणी हात लावायचा नाही.

राहेल रोज समितीच्या दाराशी येऊन बसायची.

"वाचायला सवड नसेल तर तोंडी सांगा बाबांनो. पुढं काय झालं?"

शलमोनने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"असं मधलंच सांगता येत नाही, मावशी," कोल्हा म्हणाला. "अनुक्रम बिघडतो."

"तुला ठाऊक नाही का रे?"

"ठाऊक आहे हो. पण उद्घाटन होऊ द्या."

पावसाळा आला आणि गेला. राहेलला आता उजेडसुद्धा दिसेना. अखेर उद्घाटन ठरलं. मांडव घातला. मोराचं स्वागतगीत झालं. राहेलला पहिल्या रांगेत बसवलं. तिने दोन्ही कान पुढं केले.

शलमोनने पुस्तक उघडलं. पुठ्ठा त्याच्या हातात राहिला. बाकीची माती टेबलावर सांडली.

"वाळवी," कोल्हा पुटपुटला.

"माझं आणा," शलमोन म्हणाला. त्याचं आणलं. कव्हराची चेन पहिल्यांदाच उघडली. आत मातीच होती. कोल्ह्याच्या कव्हरातही माती निघाली. मग बाकीच्यांनी आपापली कव्हरं पाठीमागे लपवली.

ढिगाऱ्यातून एक वाळवी खसखसत बाहेर आली. राहेलने आवाजाच्या रोखाने मान वळवली.

"बाई गं, तू तर सगळं आतून पाहिलंस. त्या सुनेचं काय झालं?"

"ठाऊक नाही, आजी. आम्ही वाचत नाही, खातो."

राहेल उठली आणि झाडं चाचपत घरी गेली. तिला पोचवायला कुणी गेलं नाही. समितीची तातडीची बैठक सुरू झाली होती.

"रोज खात होतीस?" शलमोनने वाळवीला विचारलं.

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा."

समितीत कुजबुज झाली. एवढं सातत्य जंगलात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. वाळवीचा सत्कार करायचं ठरलं. शाल फार मोठी होती, म्हणून रेशमी फीत पांघरवली. टाळ्या थांबल्यावर वाळवी दोन शब्द बोलली. समितीने तेच तात्पर्य म्हणून मंजूर केलं.

तात्पर्य : "रोज थोडं थोडं घ्यावं, खाडा करू नये. ग्रंथ कितीही जाड असला तरी संपतो."